सुकेळीचं ऊन

दसरा झाला की आमच्या गिरीज गावात ऊन बदलतं. त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही. सकाळी ओट्यावर दात घासत उभं राहिलं की मानेवर कोणीतरी चहातून काढलेला चमचा टेकवल्यासारखं वाटतं, आणि मागून काकी ओरडते, "भुतासारखा उभा काय ऱ्हायलास? घड उतरव." मुंबईचे लोक ह्या उन्हाला ऑक्टोबर हीट म्हणतात आणि शिव्या घालतात. टीव्हीवाले ओढणीने तोंड झाकलेल्या मुली दाखवतात, भरपूर पाणी प्या म्हणतात. आम्ही मात्र अख्खा पावसाळा ह्याच उन्हासाठी डोळे लावून बसलेलो असतो.

यंदाही ते आलंय. मी मांडवाशेजारी खाटेवर बसून हे लिहितोय. एका हातात पेन, दुसऱ्या हातात कावळे हाकलायची काठी. समोर कंबरेइतक्या उंच बांबूच्या मांडवावर सोललेली राजेळी केळी ओळीने झोपलीत, शाळेच्या सहलीतल्या पोरांसारखी, एकमेकांना चिकटून. तिसरा दिवस आहे त्यांचा. पहिल्या दिवशी पांढरी, दुसऱ्या दिवशी पिवळट, आज चेहऱ्यावर थोडी पिकल्या माणसासारखी कळा आलीय. अजून चार दिवसांनी ती मधाच्या रंगाची होतील, बोटाला चिकटतील, आणि मग त्यांना सुकेळी म्हणायचं.

ज्यांनी सुकेळं खाल्लं नाही त्यांना ते समजावून सांगणं म्हणजे आंधळ्याला मोर दाखवणं. तरी सांगतो. राजेळीचा घड पेंढ्यात दाबून पिकवायचा. केळं सोलून उन्हात टाकायचं. दिवसातून तीनदा कूस बदलायची. ऊन उतरलं की सगळी गोळा करून केळीच्या सुक्या पानांत गुंडाळून चटईखाली ठेवायची, म्हणजे त्यांना घाम सुटतो. सकाळी पुन्हा बाहेर. असं आठवडाभर. साखर नाही, मीठ नाही, मशीन नाही. शेवटी केळीच्याच सुक्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सालपटात, बांधायची, दोरीसुद्धा केळीचीच. ह्या सगळ्या धंद्यात बाहेरून येणारी वस्तू एकच. ऊन.

आणि तेच एका कंपनीला हवंय. म्हणजे ऊन हवंय, आणि ते ज्याच्यावर पडतं तो आमचा मळाही हवाय. आमच्या मळ्यासकट बाजूचे दहा-बारा मळे मिळून सोलरच्या पाट्या लावायच्या आहेत. पाच वर्षांपूर्वी पहिल्यांदा आले तेव्हापासून माझा दसऱ्यानंतरचा मोसम असा अर्धा गोड अर्धा तुरट झालाय.

तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. अभ्यासात यथातथा, आवाज काढण्यात पहिला. शाळेत असताना मुख्याध्यापकांचा आवाज काढून मी एकदा वर्गाला सुट्टी दिली होती आणि वर्ग खरंच घरी गेला होता. चर्चमधल्या फादरचं प्रवचन, आमच्या भटजीबुवांचं नाकातलं पुण्याहवाचन, बिघडलेला मिक्सर, सगळं यायचं. फक्त एकदा फजिती झाली. लहानपणी मांडवावरचे कावळे हाकलायला मी कावळ्याचा धोक्याचा आवाज काढायचं ठरवलं. इतका हुबेहूब जमला, की नाळ्यापासून निर्मळपर्यंतचे सगळे कावळे मदतीला धावून आले. झाडावर बसून त्यांनी आधी माझी चौकशी केली आणि मग शांतपणे एक ओळ सुकेळी संपवली. माझे काका, म्हणजे आमचे आप्पा, हसून हसून खाटेवरून पडले. काकी मात्र हसली नाही. म्हणाली, "दुसऱ्याच्या आवाजात बोललास का दुसरेच येतात, समजला?"

मळा आप्पांचा आणि माझ्या बाबांचा, दोघा भावांचा. बाबा नोकरीला लागले आणि विरारला फ्लॅट घेतला. आप्पा-काकींना मूलबाळ नाही. त्यामुळे मी शाळेपासून गिरीजलाच जास्त वाढलो. फ्लॅटमध्ये माझा पलंग आहे, पण झोप इथल्या खाटेवर लागते.

आता आमची खोड सांगतो. जगात लोक सोन्याची फुशारकी मारतात, पोराच्या पॅकेजची मारतात. आमच्या पाखाडीत, म्हणजे वाडीत, फुशारकी उन्हाची. ज्याच्या मळ्यात सावली कमी तो मोठा माणूस. लग्न जमवताना मुलाकडचं घर कसं आहे विचारलं, तर मध्यस्थ सांगतो, "घर जुनं हाय, पन ऊन फर्स्टक्लास." माझ्या आत्याचं लग्न असंच जमलं. नवरा बघायच्या आधी आप्पा मळा बघून आले होते.

तर त्या वर्षी अशाच एका दुपारी बाइकवरून एक तरुण आला. इस्त्रीचा शर्ट, पाठीला बॅग, हातात टॅब. पंकज सर म्हणा असं त्याने सांगितलं. कुठून आला, कशासाठी आला, आम्ही विचारलंच नाही. कारण त्याने बॅग उतरवल्या उतरवल्या आप्पांना विचारलं, "काका, इथे ऊन साधारण किती वेळ असतं?"

आप्पांचा चेहरा बघायला हवा होता. पासष्ट वर्षांच्या आयुष्यात बाहेरच्या माणसाने पहिल्यांदाच त्यांना बरोबर प्रश्न विचारला होता. ते उठून उभेच राहिले. "सकाळी सातला येते. संध्याकाळी सहाला जाते. मध्ये कोनाची बिशाद नाय."

कुंपणापलीकडे बावतीस मामा पपईला पाणी घालत होते. बावतीस मामा म्हणजे आमचे शेजारी, आप्पांचे शाळासोबती, आणि उन्हातले प्रतिस्पर्धी. त्यांनी पाइप तिथेच टाकला. "ओ साहेब, त्याचं काय लिहिताय? त्याच्याकडं चारनंतर माडाची सावली पडते."

"कोनाच्या माडाची? तुझ्याच!"

"मग? तुझा मळा माझ्या माडाखाली. म्हंजे मोठं ऊन कोनाचं?"

"तुझं ऊन बघितलंय मी. तुझी सुकेळी नवव्या दिवशी पन उठून चालायला लागतील, इतकी कच्ची."

सर दोघांचं पटापट लिहून घेत होता. आणि प्रेक्षक मिळाल्यावर मी गप्प बसणाऱ्यातला नव्हे. मी त्याला मळाभर फिरवला आणि प्रत्येक झाडाची सावली करून दाखवली. बांधावरचं जांभूळ म्हणजे लग्नाला उशिरा येणारा सरपंच, साडेतीनला हळूच शिरतो आणि पहिल्या रांगेत पसरतो. नारळाची सावली म्हणजे ट्रॅफिक पोलीस, बारीक, पण फिरत राहणारी. आंबा म्हणजे पाहुणीण, आली की जात नाही, पण ती पार कोपऱ्यात. वेळेसकट, चालीसकट सगळं. सर पोट धरून हसला. जाताना काकीने त्याला सोपटात बांधून सुकेळी दिली. तो म्हणाला, "खूप उपयोगी माहिती मिळाली हं." आम्हाला वाटलं शेतकी खात्याचा असेल, एखादं अनुदान येईल.

महिन्याभराने सोलर कंपनीची फाइल आली. आत नकाशा होता. आसपासचे मळे पिवळे, नारिंगी, आणि मधोमध आमचा एकदम लालभडक. खाली लिहिलं होतं, सर्वाधिक योग्य. पुढच्या पानावर स्थानिकांनी दिलेली माहिती. आप्पांचं सात ते सहा. बावतीस मामांचं सात ते साडेपाच. आणि त्याखाली, "बांधावरील जांभूळ, दुपारी साडेतीननंतर सावली. तोडणे आवश्यक."

ते वाक्य मीच वाचून दाखवत होतो. सरकारी बातम्यांच्या आवाजात सुरू केलं होतं. जांभळापाशी आलो आणि आवाज माझ्या नेहमीच्या आवाजावर आला.

मला कोणी बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. बावतीस मामा एवढंच म्हणाले, "आपन आपलीच टीप दिली रे." आणि आप्पा त्यानंतर बरेच दिवस कोणालाच उन्हाबद्दल काही सांगेनात. कोणी विचारलं, यंदा ऊन कसं, तर म्हणायचे, "हाय आपलं." आमच्या पाखाडीत असं उत्तर म्हणजे घरात कोणी आजारी असल्यासारखं.

बाकीच्या बऱ्याच मळ्यांचे मालक पुण्याला, बोरिवलीला, काही दुबईला. त्यांनी होकार कळवला. आम्ही मधोमध. आम्ही नाही म्हटलं तर पाट्यांच्या चादरीच्या मध्ये भोक. त्यामुळे पंकज सर आमच्याकडे एवढ्या वेळा यायला लागला की कुत्र्याने भुंकणं सोडलं. त्याचं पाठ केलेलं होतं. "काका, तुमचा हरित पट्टा, आमची हरित ऊर्जा. दोन्ही हिरवं."

आप्पा विडी बाजूला ठेवून म्हणाले, "शेवाळ पन हिरवं असते सायबा. पाय ठेवून बघ."

पण बाबांचं तसं नव्हतं. ते रविवारी आले की ओट्यावर बसून आप्पांच्या गुडघ्यांकडे बघायचे. गुडघे खरंच वाईट होते. मांडवाभोवती फिरताना आप्पा बांबूला धरून धरून चालायचे. बाबा म्हणाले, "दादा, भाड्याने द्यायची आहे, विकायची नाही. तीस वर्षांनी परत आपलीच. आणि वीज काय वाईट गोष्ट आहे का?"

"तीस वर्षांनी मी काय, फोटोतून सही करू?" आप्पा म्हणाले.

"मग मळा करणार कोण?" आणि बाबा माझ्याकडे वळले. "तू करणार आहेस का?"

मी काय करावं? मी पुढाऱ्याच्या आवाजात म्हणालो, "मित्रहो, योग्य वेळी योग्य निर्णय घेण्यात येईल." कोणी हसलं नाही. बाबा तर बिलकूल नाही. त्यांनी चप्पल घातली, आणि जाताना आप्पांना म्हणाले, "बघितलंस? म्हणून म्हणतो."

हे वाक्य अजून कधीकधी केळी उलटताना माझ्या बोटांत येतं.

आणि त्याच आठवड्यात पंकज सरने मला नोकरी देऊ केली. गावकऱ्यांना प्रकल्प समजावून सांगायचा. "तुला लोक ऐकतात. तू हसवत हसवत पटवशील." खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या माकडचेष्टांना कोणी पद देत होतं. मी विहिरीपाशी उभा राहून त्याचं भाषण त्याच्याच आवाजात घोटवायला लागलो. हरित पट्टा, हरित ऊर्जा. छान जमत होतं. काकी धुणं घेऊन मागे उभी होती. मला दिसली नाही.

"चालू दे," ती म्हणाली. "मग जांभूळ तोडताना रडन्याचा आवाज कोनाचा काढशील? तो पन शिकून ठेव."

असं बोलून ती धुणं आपटायला लागली. माझा शर्ट त्या दिवशी जरा जास्तच आपटला गेला. नोकरीचा होकार मी कळवलाच नाही.

सह्यांची सभा शाळेच्या हॉलमध्ये ठेवली. शनिवारची दुपार. पडद्यावर चित्रं, प्रत्येकाला थंडगार पाण्याची बाटली, टेबलावर कागदांचे गठ्ठे. परगावचे मालक गाड्या घेऊन आले होते. आप्पा शेवटच्या बाकावर. बाबा ऑफिसचा पांढरा शर्ट घालून टेबलाशेजारी, खिशात पेन. त्यांनी आप्पांना आदल्या रात्री फोनवर काय सांगितलं माहीत नाही, पण आप्पा आले होते, आणि येताना चष्मा घेऊन आले होते. आप्पा चष्मा फक्त सही करायला लावतात. मला तो खिशातला चष्मा दिसला.

आणि तेव्हा बाहेरून हाक आली. "आभाळ!"

ही हाक काय आहे ते सांगायला हवं. सुकेळीवर पावसाचा एक शिंतोडा पडला की बुरशी धरते, आठवड्याची मेहनत बकऱ्यांना घालावी लागते. म्हणून परतीच्या नाहीतर अवकाळी पावसाचा ढग वर आला की जो पहिला बघेल त्याने "आभाळ!" म्हणून ओरडायचं, ऐकणाऱ्याने पुढे ओरडायचं, आणि प्रत्येकाने हातातलं टाकून जो मांडव जवळ असेल तिथे धावायचं. आपला का दुसऱ्याचा, बघायचं नाही. भांडण असलं तरी. आमच्या इथल्या एका बाईने अकरा वर्षं न बोलणाऱ्या जावेची सुकेळी वाचवली, चटई घातली, वर दगड ठेवले, आणि तोंड फिरवून घरी आली. पुढेही बोलली नाही. हे वेगळं, ते वेगळं. एका वर्षी हळदीतला नवरा अंगभर पिवळा तसाच धावला होता.

त्या शनिवारी हाक काकीची होती. मग ती कुंपणाकुंपणावरून उड्या मारत आली, कोणाची किनरी, कोणाची घोगरी, आणि हॉलच्या खिडकीतून आत शिरली. मग शेवटच्या बाकावरून आप्पा उठले. गुडघे विसरून उठले. आणि हॉल रिकामा झाला. म्हणजे अक्षरशः. दुबईवाला धावला, बोरिवलीवाल्या वहिनी चपला हातात घेऊन धावल्या. पाण्याच्या बाटल्या जमिनीवर गडगडत होत्या आणि पडद्यावर त्या पाट्यांचं चित्र एकटंच चमकत होतं.

शाळेपासून सगळ्यात जवळचे मांडव आमचे आणि बावतीस मामांचे. पश्चिमेकडून आभाळ काळं शाईसारखं वर येत होतं, वारा सुटला होता, माड डोकी आपटत होते. पंकज सरसुद्धा आला होता, गोंधळून. कोणीतरी त्याच्या हातात चटईचं एक टोक दिलं. तो ओरडून विचारत होता, "ही कोणाची? ही कोणाची?"

"आधी झाक," बावतीस मामा ओरडले, "मग इचार!"

मी आमच्या दुसऱ्या मांडवापाशी पोचलो आणि थांबलोच. तिथे बाबा होते. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत. वीस वर्षं ज्यांना मी फक्त फाइल आणि रिमोट धरताना पाहिलं, ते बाबा एका हाताच्या चार बोटांवर चार केळी अशी उचलत होते की एकाला दुसरं लागत नव्हतं, दुसऱ्या हाताने पान अंथरत होते, आणि ओठांतल्या ओठांत मोजत होते. मला असं चार चार उचलता येत नव्हतं. दोन उचलली की एक चिरडायचं. त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "अंगठा मध्ये आणू नकोस. अंगठ्याला काम नाही इथे." मी अंगठा बाहेर ठेवला. जमलं.

शेवटची चटई पडली आणि पाऊस आला. दहा मिनिटं. पण असा की समोरचं जांभूळ दिसेना. सगळे आमच्या पडवीत दाटीवाटीने उभे, कपड्यांना केळ्याचा चीक, बोटं चिकट. काकी आत चहा टाकायला गेली. बाबांच्या पांढऱ्या शर्टावर छातीवर तपकिरी डाग पडला होता, आणि ते तो डाग पुसत नव्हते. पंकज सर हळूच म्हणाला, "पाऊस थांबला की आपण हॉलमध्ये जाऊया का? फक्त सह्याच राहिल्यात."

आप्पांनी खिशाला हात घातला. चष्मा काढला. मी बघत होतो, सगळे बघत होते. पावसाने काचा धुरकट झाल्या होत्या. त्यांनी तो बनियनला पुसला, पुन्हा बघितला, आणि बाबांच्या समोर धरला. म्हणाले, "तू सांग. तू सांगशील तसं."

बाबांनी पावसाकडे बघितलं. मग मला विचारलं. दुसऱ्यांदा. तोच प्रश्न. "करणार आहेस का तू?"

"करणार," मी म्हणालो.

"बघू," बाबा म्हणाले. आणि पंकज सरला, "आज राहू दे."

आमच्या घरात "बघू" म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. बघू म्हणजे विश्वास नाही, पण अडवत नाही. तेवढं पुरलं. भोक चादरीच्या मध्ये तसंच राहिलं.

आज पाच वर्षं मी ते "बघू" खोटं पाडतोय. संध्याकाळी हळदी आणि साखरपुड्यांत माइक धरतो, नवरीच्या मामाचे आवाज काढतो, त्यावर पेट्रोल निघतं. दिवस मळ्याचा. चार चार केळी उचलतो. आप्पा खाटेवरून हुकूम सोडतात. गुडघे आता पूर्ण संपावर आहेत, जीभ कामावर.

लोक मला म्हणतात, तू सोलरच्या विरोधात आहेस. अहो, आमच्या विहिरीचा पंप सोलरवर आहे! मीच बसवलाय. वीज जाते तेव्हा नालासोपाऱ्यात चौथ्या मजल्यावर तान्ह्या बाळाला पंखा कोण घालणार, हे मला कळतं. माझा मावसभाऊ तिथेच राहतो. त्याच्या बिल्डिंगच्या गच्चीवर उभं राहून बघा. गच्ची, गच्ची, गच्ची, क्षितिजापर्यंत गच्च्या, आणि त्यांच्यावर काय? पाण्याची टाकी, तुटकी खुर्ची, एक कबुतर. वालीव बाजूला गोडाउनचे पत्रे बघा, डोळे दिपतात. तिथल्या उन्हाखाली काही पिकत नाही, काही वाळत नाही, फक्त तापतं. ते घ्या ना. सगळं घ्या. तिथे ऊन फुकट मरतंय. आमच्याकडे ते कामाला जातंय.

मग म्हणतात, तिथे गच्च्या शंभर जणांच्या, शंभर सह्या कोण गोळा करणार? म्हणजे असं आहे बघा. जिथे माणसं जास्त तिथे विचारायचा कंटाळा, म्हणून जिथे माणसं कमी तिथे यायचं. आणि आम्ही कमी का झालो, हे कोणी विचारत नाही.

बावतीस मामांच्या मुलांनी दोन वर्षांपूर्वी त्यांचा मळा दिला. मामांनी सही केली. मुलं मिरा रोडला, त्यांचं त्यांना दिसतं, मी नावं ठेवणार नाही. आमच्या मळ्यापलीकडे, रस्त्याकडेचा तो तुकडा वेगळा काढून कंपनीने पाट्या लावल्या. आधी डंपर आले, भराव टाकला, जमीन गुडघाभर वर आली. त्यानंतरच्या पावसाळ्यात त्या भरावावरून पाणी घसरून आमच्या पानवेलीत शिरलं, आणि पाच दिवस बसून राहिलं. पाहुणा म्हणून आलेलं पाणी भाडेकरूसारखं वागलं. पाट्यांवर धूळ बसते म्हणून त्या धुवायच्या, धुवायला गोडं पाणी, ते मामांच्या विहिरीतून, आणि गोडं उपसलं की खारं आत सरकतं. आमच्या विहिरीचं पाणी एप्रिलमध्ये जरा खारट लागायचं, आता फेब्रुवारीतच जीभ सांगते. आणि दुपारी चारला त्या पाट्यांची तिरीप काकीच्या स्वयंपाकघरात येते. काकी चुलीशी गॉगल लावून बसते, आप्पांचा मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा हिरवा गॉगल. भाकरी थापणारी हिरॉइन. मी तिचा फोटो काढला तर लाटणं फेकून मारलं.

मामा रोज दुपारी आमच्याकडे येतात. तारेच्या कुंपणाला वळसा घालून, कारण आता मधली वाट बंद. खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसतात आणि आमची केळी उलटतात. परवा आप्पांनी, किती वर्षांनी, जुना विषय काढला. "तुझ्याकडं किती वाजेपर्यंत असते रे ऊन हल्ली?"

मामा पाट्यांकडे बघत म्हणाले, "असते सहापर्यंत. पन मला आत सोडत नाय."

आप्पांनी त्यांच्यापुढे दुसरी ओळ सरकवली. दोघं केळी उलटत राहिले. मी कोणाचाही आवाज काढला नाही.

आणि यंदा पुन्हा. कंपनीत आता पंकज सर नाही, एक मॅडम आहेत. त्यांना चादर पूर्ण करायची आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर मळ्याच्या उत्तर कडेला लाल रंग लावलेल्या लाकडी खुंट्या, पुरुषभर उंच, सरळ रेषेत. कोणाला न विचारता, पहाटेच्या वेळी येऊन ठोकून गेले होते. मोजणीच्या म्हणे. मी चिडून उपटायला निघालो. बावतीस मामा म्हणाले, "पोलिसात जाऊ." आप्पा खाटेवरून म्हणाले, "जाळून टाक."

काकी कंबरेवर हात ठेवून त्या खुंट्यांकडे बघत होती. चांगल्या होत्या खुंट्या. सागाच्या नसतील, पण सरळ, तासलेल्या. म्हणाली, "गप बसा सगले. वालाला काठ्या आनायच्याच होत्या." आणि घरात जाऊन वालाच्या बियांचा डबा घेऊन आली. प्रत्येक खुंटीच्या बुडाशी तीन तीन बिया, वर शेणखताची मूठ. मला म्हणाली, "तू कागद बघ."

कागद म्हणजे संमतीपत्र. आता त्यावर माझंही नाव होतं, कारण आप्पांनी गेल्या वर्षी त्यांचा हिस्सा माझ्या नावावर केला. फॉर्म छान होता. संमती आहे, असं लिहून पुढे चौकोन. "नाही"साठी चौकोनच नव्हता. मी पट्टी घेतली, खाली एक चौकोन आखला, "संमती नाही" लिहिलं, आणि बरोबरची खूण केली. आप्पांनी चष्मा लावून सही केली, हिस्सा नसताना. म्हणाले, "जागा हाय ना कागदावर?" बाबा रविवारी आले. त्यांनी फॉर्म वाचला, चौकोन बघितला, "रेघ वाकडी आलीय," म्हणाले, आणि सही केली. त्यांची सही बँकेत चालते तशी, शेवटी दोन टिंबं देऊन. मी सगळ्यात खाली केली. पोस्टाने पाठवला, पोचपावतीसकट.

आज दुपारी मॅडमचा फोन आला. आवाज गोड, हिंदी-मराठी मिसळ. माझ्या तोंडात त्यांचा आवाज लगेच तयार झाला होता, खोटं नाही बोलत. गिळला.

"तुमचा फॉर्म मिळाला. पण तो फॉरमॅटमध्ये नाही."

"उत्तर फॉरमॅटमध्ये नव्हतं, म्हणून."

"तुम्ही विचार करा ना अजून. डिसेंबरपर्यंत वेळ आहे."

"केलाय. पाच वर्षं केला."

"ओके," त्या म्हणाल्या. "मग निदान आमच्या मोजणीच्या खुंट्या तरी द्या परत. पुढच्या आठवड्यात माणूस पाठवते."

मी उत्तर कडेला बघितलं. वालाचे कोंब वीतभर वर आले होते. प्रत्येकाने लाल खुंटीला एकेक, काहींनी दोन दोन वेढे घातले होते, घट्ट, टोक वर करून.

"मॅडम, वेल चढलाय," मी म्हणालो. "चढत्या वेलाची काठी काढत नाहीत. होळीपर्यंत शेंगा संपतील, मग पाठवा माणूस. खुंट्या मोजून देईन. पण खुंट्यांशिवाय दुसरं काही न्यायला पाठवू नका."

फोन ठेवला, विहिरीवरून कळशी भरून आणली, आणि कंपनीच्या सगळ्या खुंट्यांना पाणी घातलं.